प्लग बदलले आणि गाडी मिस मारू लागली?

"काल नवे प्लग टाकले आणि आज गाडी झटके मारतेय" ही तक्रार कुठल्याही गॅरेजसमोर तासभर उभं राहिलात तरी एकदा ऐकू येईल. ऐकायला विचित्र वाटतं. नवीन पार्ट टाकल्यावर गाडी सुधारायला हवी, बिघडते कशी? मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं कॉइल गेली, कुणी म्हणतं पेट्रोलमध्ये पाणी आहे, कुणी थेट "हेड खोलावं लागेल" म्हणून मोकळा होतो. आपण आय. सी. इंजिन्स हा विषय पास झालेलो असतो, पण बॉनेट उघडल्यावर व्हायवाला उभं राहिल्यासारखं गप्प होतो.

हा लेख त्याच वेळेसाठी आहे. मेकॅनिकलच्या मुलांना थिअरी माहीत आहे, इतर ब्रँचवाल्यांनी आणि स्टाफमधल्या गाडीमालकांनीही घाबरू नये, सगळं साध्या भाषेत आहे. सांगायचा मुद्दा एकच : काम करण्याआधी गाडी ठीक होती आणि कामानंतर बिघडली, तर बिघाड बहुतेक वेळा त्या कामात हात लागलेल्या जागीच असतो. नवीन पार्ट विकत घेण्याआधी त्याच वाटेने उलटं चालत जायचं.

१. पहिला प्रश्न : तक्रार आधीची की नंतरची?

पाना हातात घेण्याआधी मालकाला हे विचारा. पुष्कळदा गाडी आधीपासूनच मिस मारत असते, म्हणून प्लग बदललेले असतात आणि तरी फरक पडलेला नसतो. ती केस वेगळी. तिथे प्लग हे कारण नव्हतंच. कॉम्प्रेशन, इंजेक्टर किंवा कार्ब्युरेटर, व्हॅक्यूम लीक हे सगळं तपासावं लागेल. पण गाडी छान चालत होती, फक्त सर्व्हिसिंग म्हणून प्लग बदलले आणि त्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर शोधायची जागा एकदम लहान होते. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं, आणि तो फुकट आहे.

२. थोडी थिअरी

बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन इग्निशन कॉइल ते वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत वाढवू शकते. हे व्होल्टेज प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीत ठिणगी पाडतं. साध्या हवेत, वातावरणाच्या दाबाला, १ मिलिमीटर अंतरासाठी ढोबळमानाने ३ हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये मात्र मिश्रण दाबलेलं असतं, त्यामुळे लागणारं व्होल्टेज कितीतरी वाढतं. फ्रेडरिक पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो : ठिणगीला लागणारं व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. आपल्या कामाच्या टप्प्यात गुणाकार वाढला की व्होल्टेजही वाढतं.

वीज आळशी असते. प्लगच्या फटीतून उडी मारणं अवघड झालं आणि दुसरीकडे सोपी वाट मिळाली, तर ती तिकडून जाते. पोर्सिलीनची तडा, चिरलेली रबरी टोपी, ओली डिस्ट्रिब्यूटर कॅप, या सगळ्या सोप्या वाटा. हे डोक्यात ठेवलं की पुढचं पाठ करावं लागत नाही.

३. प्लग बदलताना हात कुठे कुठे लागतो?

कागद घ्या आणि यादी करा. मी केलेली यादी अशी :

(अ) प्लगचा गॅप. नवीन प्लगचा गॅप बरोबरच असतो हे गृहीत धरू नका. प्लग हातातून फरशीवर पडला की गॅप मिटतो, कधी पोर्सिलीनला केसासारखी तडा जाते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना साधारण ०.७ ते ०.८ मिमी गॅप असतो, काही नव्या गाड्यांना १.१ मिमीपर्यंत असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि फीलर गेजने मोजा. वर्कशॉपमध्ये फीलर गेज आहे, तो फक्त जर्नलमध्ये आकृती काढायला नाही.

(आ) प्लगचा नंबर. दुकानदाराने "हाच चालतो" म्हणून दिला तरी पेटीवरचा नंबर वाचा. एनजीकेचा बीपीआर५ईएस घ्या. बी म्हणजे १४ मिमीचे आटे, पी म्हणजे पुढे आलेलं टोक, आर म्हणजे आत रेझिस्टर, ५ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी आणि एस म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग. लांबी कमी पडली तर ठिणगी खोबणीत पडते, जास्त झाली तर पिस्टनला टोक लागायची भीती. हीट रेंजमध्ये एक गंमत आहे. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, आणि बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम! एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावणारे इथेच फसतात. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर असलं तर त्याच्यावरची काजळी आपोआप जळते. जास्त थंड प्लग काळा पडतो आणि मिस मारतो. जास्त गरम प्लग ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो.

(इ) प्लगच्या डोक्यावरचं नट. काही वायरींना डोक्यावर बारीक नट लागतं, काहींना नुसते आटे लागतात. नट पेटीत राहिलं किंवा ढिलं राहिलं, तर टोपी वर बसल्यासारखी दिसते पण धरत नाही.

(ई) प्लगची वायर. टोपी धरून ओढायची असते. वायर धरून ओढली की आतला कार्बनचा गाभा धातूच्या टोकापासून सुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

(उ) वायरींचा क्रम. याबद्दल पुढे सविस्तर.

(ऊ) एअर फिल्टर आणि पाइप. प्लगपर्यंत पोचायला पुष्कळ गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. त्यासोबत निघालेला एखादा व्हॅक्यूम पाइप परत लावायचा राहतो, नाहीतर सेन्सरचा कनेक्टर अर्धाच बसतो. प्लग निर्दोष असतात आणि बोल त्यांनाच लागतो.

(ए) प्लगच्या विहिरीतली घाण. जुना प्लग काढण्याआधी तिथे हवा मारली नसेल तर वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते. टॅपेट कव्हरचं सील गळत असेल तर विहिरीत ऑइल साचतं आणि नवी टोपी त्यात बुडते.

४. तक्रार कधी येते ते विचारा

लक्षण काय आहे याइतकंच ते कधी दिसतं हे महत्त्वाचं आहे.

आयडलिंगला थरथर, पण रेस केल्यावर गाडी ठीक : व्हॅक्यूम पाइप सुटलाय का बघा. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यामुळे चोरून आलेली थोडी हवासुद्धा मोठा हिस्सा होते. रेस केल्यावर तोच हिस्सा नगण्य होतो. गॅप फार कमी असला तरी असंच होतं, कारण ठिणगी लहान पडते.

आयडलिंगला ठीक, पण घाट चढताना किंवा ओव्हरटेक करताना झटके : इथे पाशेन आठवा. घाटात ॲक्सिलरेटर दाबलेला, सिलिंडरमध्ये मिश्रण भरपूर, म्हणजे दाब जास्त, म्हणजे लागणारं व्होल्टेज जास्त. वीज सोपी वाट शोधते. गॅप मोठा आहे का, पोर्सिलीनला तडा आहे का, टोपी किंवा वायर चिरली आहे का, ते बघा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून पाहिलं तर कधी कधी निळी ठिणगी बाहेर उडताना सरळ दिसते.

पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर झटके : सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे वायरीतला किंवा गॅपमधला दोष आधी गॅसवर दिसतो.

फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर : ओल. टोपी, वायर, डिस्ट्रिब्यूटर कॅप कोरडी करून बघा.

फुस्-फुस् आवाज, प्लगच्या बाजूने वाफ : प्लग ढिला आहे. लगेच बंद करा. प्लगची उष्णता आटे आणि सीट यांच्यातून हेडमध्ये जाते. ढिल्या प्लगची उष्णता बाहेर पडत नाही, तो लाल होतो आणि आटेही खराब होतात.

५. कोणता सिलिंडर?

एकेक सिलिंडर बंद करून बघायचा. जो बंद केल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला होता. पण एक सावधगिरी : चालू इंजिनवर हाताने वायर उपटू नका. शॉक तर बसतोच, आणि वायर मोकळी लोंबकळत ठेवली तर कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल उडू शकतं. इंजिन बंद करा, वायर काढा, तिच्या टोकाला एक जादा प्लग लावा, त्या प्लगची बॉडी क्लिपच्या वायरने इंजिनला अर्थ करा, मग स्टार्ट करा. तो सिलिंडर पेटणार नाही, पण विजेला जायला वाट राहील. ही चाचणी कार्ब्युरेटरवाल्या गाडीवर, मोकळ्या हवेत, पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून आणि मिनिटभरच करायची. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीवर करायची नाही, कारण खाली सांगितलं आहे.

सिलिंडर सापडला की अदलाबदल. मेलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात टाका. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागीच राहिला तर प्लग सोडा, पुढची वस्तू बदला. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर इंजिन चालू करून बघायचं. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुरू होईल, पण काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

६. मेसच्या ओम्नीची केस

आमच्या मेसच्या काकांकडे जुनी, कार्ब्युरेटरवाली मारुती ओम्नी आहे. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि इंजिन पुढच्या सीटखाली. काका रोज पहाटे तिच्यातून भाजी आणतात. सर्व्हिसिंगला एका गॅरेजमध्ये प्लग बदलले आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी थरथरायला लागली, चढावर दम टाकायला लागली. काका परत गेले, तर उत्तर मिळालं, "व्हॉल्व्ह गेलाय, हेड उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून काकांनी दोन दिवस गाडी तशीच चालवली.

"काका, प्लग बदलायच्या आधी थरथर होती का?" मी विचारलं.

"छे रे! आदल्या दिवशी पन्नास किलो कांदे घेऊन चढ चढली. उगाच प्लग बदलायला गेलो बघ."

म्हणजे शोधायची जागा लहान. सीट उचलली. आधी तिन्ही प्लग काढून गॅप मोजले, नंबर वाचले. सगळं बरोबर. एक आणि तीन नंबरचे प्लग कोरडे, दोन नंबरचा पेट्रोलने ओला. ओला प्लग म्हणजे पेट्रोल आलं, पण पेटलं नाही. मग वर सांगितलेली चाचणी केली. एक नंबर बंद केला, इंजिन बंदच पडलं. तीनलाही तेच. दोन नंबर बंद केला, काहीच फरक नाही. दोन आणि एकच्या प्लगची अदलाबदल केली, दोष दोनमध्येच राहिला. प्लग सुटला. मग दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल केली. लक्षात घ्या, वायर बदलायची, क्रम नाही : कॅपवरची जागा आणि सिलिंडर तेच, मधली वायर दुसरी. आता दोन नंबर पेटायला लागला आणि तीन मेला. दोष वायरबरोबर सरकला!

मल्टिमीटर लावला. दोन वायरींचा रेझिस्टन्स काही हजार ओहम, तिसरीचा अनंत. टोपी उलटी करून बघितली तर आतला गाभा टोकापासून सुटलेला. कुणीतरी टोपीऐवजी वायर धरून ओढली होती. वायरींचा नवा सेट काही शेकड्यांत आला, आणि गाडी शांत झाली.

आता विचार करा, हेड उतरवलं असतं तर? गॅस्केट, मजुरी, दोन-चार दिवस गाडी बंद, आणि शेवटी तीच तुटकी वायर परत दोन नंबरवर बसली असती. थरथर तशीच. काकांच्या खिशातून गेलेले पैसे कधी ना कधी मेस बिलात आले असते, हा भाग निराळा.

तीन सिलिंडरच्या इंजिनमध्ये एक मेला तर इतकं का जाणवतं, याचंही गणित सोपं आहे. फोर स्ट्रोकमध्ये क्रँकचे ७२० अंश, भागिले ३, म्हणजे दर २४० अंशांनी एक धक्का. आयडलिंग ९०० आरपीएम धरलं तर सेकंदाला २२.५ धक्के. एक मेला तर १५ उरतात, आणि तेही सारख्या अंतराने नाहीत. एकदा २४० अंश, मग ४८०. म्हणून सीट हलते.

७. वायरींचा क्रम चुकला तर

या इंजिनचा फायरिंग ऑर्डर १-३-२. समजा दोन आणि तीनच्या वायरी उलट लागल्या. तीनची ठिणगी दोनमध्ये पडेल, तेव्हा दोन नंबर आपल्या वेळेच्या २४० अंश मागे आहे, म्हणजे इनटेक स्ट्रोकमध्ये, व्हॉल्व्ह उघडा. भडका कार्ब्युरेटरकडे. उलट तीन नंबरला ठिणगी २४० अंश उशिरा मिळते, म्हणजे एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये, त्यामुळे सायलेन्सरमध्ये फटाका. कार्ब्युरेटरमधून फट् आणि सायलेन्सरमधून ठो, गाडी धड सुरूही होत नाही, तर आधी क्रम तपासा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला किंवा वायरींना चिकटपट्टीने नंबर लावले तर ही वेळच येत नाही. एकावेळी एकच वायर काढून एकच प्लग बदलणं सगळ्यात उत्तम.

परीक्षेसाठी एक प्रश्न : काही चार सिलिंडर गाड्यांत १ आणि ४ ला एकच कॉइल असते आणि ती दोघांत एकाच वेळी ठिणगी टाकते. अशा इंजिनात १ आणि ४ च्या वायरी उलट लावल्या तर काय होईल? काहीच नाही. का, ते स्वतः काढून बघा.

८. नव्या गाड्या

आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, वायरी नाहीत. पण पद्धत तीच. कनेक्टर 'टक्' आवाज येईपर्यंत बसला का, कॉइल पूर्ण खाली गेली का, बोल्ट लागला का, ते बघा. स्कॅनर असेल तर काम सोपं : पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिस, पी०३०२ म्हणजे दोन नंबर, पी०३०० म्हणजे ठरावीक एक सिलिंडर नाही. इंजिन बंद करून कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची, आणि कोड सरकतो का ते बघायचं. पी०३०२ चा पी०३०३ झाला तर कॉइल दोषी.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर "हॉस्टेलपर्यंत जाऊ, मग बघू" करायचं नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. प्लगच्या सेटच्या कितीतरी पट महाग वस्तू त्यात जाते. गाडी बाजूला घ्या.

९. पुढच्या वेळी बसवताना

इंजिन थंड असू द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे निघतात. आधी विहिरीत हवा मारा. प्लग हाताने फिरवून सुरुवात करा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर पाना लावू नका, बाहेर काढून परत सरळ धरा. हाताने घट्ट बसल्यावर वॉशरवाल्या नवीन १४ मिमी प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. टॉर्क रेंच असेल तर ॲल्युमिनियम हेडला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. वॉशर नसलेल्या, निमुळत्या सीटच्या प्लगला फक्त एक षोडशांश फेरा. पाना तिरका धरू नका, पोर्सिलीन तडकतं. आणि जुने प्लग लगेच फेकू नका. सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा. त्यांचा रंग इंजिनची तब्येत सांगतो : तपकिरी-राखाडी ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे जास्त गरम. शिवाय नव्या प्लगबद्दल शंका आली तर जुना लावून बघता येतो. जुन्या प्लगवर गाडी ठीक चालली, तर उत्तर मिळालंच.

हे सगळं करूनही दोष एकाच सिलिंडरमध्ये राहिला, म्हणजे प्लग, वायर, कॉइल बदलूनही सरकला नाही, तर मग कॉम्प्रेशन गेज लावायची वेळ आली. तेव्हा व्हॉल्व्हचं नाव घ्यायला हरकत नाही, आणि तेव्हा हेड खोलणाऱ्या मेकॅनिकला आपण नेमकं सांगू शकतो : "दोन नंबर, प्लग-वायर तपासलीय, कॉम्प्रेशन कमी आहे." असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी उगाच पार्ट विकत नाही.

कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर रविवारी सकाळी मेसच्या मागे या. ओम्नी तिथेच असते. फीलर गेज मी आणतो, चहा काका देतात.